बजरीला भाजी दिली की जुलाब होऊन मरते? हे चूक आहे

सध्या एक मेसेज फिरतोय की बजरी म्हणजे बजी, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट, त्याला फक्त राळ्याचे दाणे द्यायचे, पालेभाजी दिली की जुलाब लागतात आणि पक्षी मरतो. प्लीज हे पुढे पाठवू नका.

भाजीत पाणी जास्त असतं म्हणून शिटेत पाणी जास्त दिसतं, मधला हिरवा भाग घट्ट असेल आणि पक्षी नीट खेळत खात असेल तर ते जुलाब नाहीत. हिरवा भागच पातळ झाला, पक्षी फुगून बसला तर मात्र लगेच डॉक्टरकडे न्या.

खरा त्रास नुसत्या राळ्याने होतो, त्यात व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम अगदी कमी, आणि ३०-४० ग्रॅमच्या जिवाला नुसत्या दाण्यांवर ठेवलं तर लिव्हरचे आजार होऊ शकतात. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, सिमला मिरची द्या, हिरवी मिरचीसुद्धा चालते कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही! पालक थोडाच, फळ एखादा तुकडा, सफरचंदाच्या बिया काढून. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) लावा.

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, मिठाचं काहीही नको, अ‍ॅव्होकॅडोने तर खरंच जीव जातो.

आणि राळा एकदम बंद करू नका हं, नवीन खाणं ओळखत नाहीत म्हणून उपाशी राहतात बिचारे. सकाळी धुतलेली जुडी पिंजऱ्याला टांगा, दोन-तीन तासांनी काढा, रोज ठेवत राहा, काहींना कित्येक आठवडे लागतात.