'विश्वासणारा रडत नाही' म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक मयत झाली. पन्नाशीचे गृहस्थ, कॅन्सर. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी त्यांच्या बायकोने नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि हंबरडा फोडला. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, रडू नका, साक्ष बिघडते." साक्ष म्हणजे चारचौघांना दिसणारा आपला विश्वास. त्या गप्प झाल्या. तोंडात पदर कोंबून गप्प झाल्या.

हे वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे. "खरा विश्वासणारा मरणाला हसून सामोरा जातो" असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुनरुत्थानावर विश्वास असेल तर रडू येणारच नाही, बायबलातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने शोकाला मनाई केली आहे, शरीर म्हणजे नुसतं वस्त्र, त्याचं काय एवढं, आणि विश्वास पक्का असता तर आजार हटलाच असता. खाली जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'. मी पाठवला नाही.

पहिल्या मुद्द्यासाठी बेथानीला जाऊ. यरुशलेमेपासून जेमतेम तीन किलोमीटरवरचं गाव. येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येशूला गावाबाहेरच गाठते. तिचा धर्मसिद्धांत अगदी चोख आहे: शेवटल्या दिवशी माझा भाऊ उठेल, हे मला माहीत आहे. मग दुसरी बहीण मरिया येते, पायाशी पडून रडते, सोबत आलेले रडतात. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ते दोन शब्दांचं वचन येतं: येशू रडला. आता पाहा, घटकाभरात आपण लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार, हे त्या गर्दीत एकालाच ठाऊक होतं, आणि तोच रडला. पुनरुत्थानाची खात्री असली की डोळे कोरडे राहतात, हा हिशेब इथेच चुकतो.

त्याच्या दोन वचनं आधी, मरियेला रडताना पाहून येशूची जी अवस्था झाली ती सांगताना योहान जे ग्रीक क्रियापद वापरतो, त्यात नुसतं हेलावणं नाही, संतापही आहे. घोड्याच्या फुरफुरण्यासाठीही ते वापरलं जाई. संताप कुणावर? माझं मत विचाराल तर मरणावर. करिंथकरांना लिहिताना पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. फिरत्या मजकुरात मात्र मरण म्हणजे घरी न्यायला आलेली गाडी. शत्रूने घरातला माणूस नेला आणि आपण हसून दार उघडायचं?

दुसरा मुद्दा पौलाच्या मनाईचा. थेस्सलनीकेच्या मंडळीला त्याने लिहिलं ते असं: ज्यांना आशा नाही अशा बाकीच्यांसारखा खेद करू नका. मजकुरात वाक्याचा मधला तुकडा गाळून 'खेद करू नका' एवढंच ठेवलंय. 'शेजाऱ्यासारखा आरडाओरडा करून बोलू नकोस' याचा अर्थ 'बोलूच नकोस' होतो का? हाच पौल फिलिप्पैकरांना सांगतो की माझा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, देवाने माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आणि पहिला ख्रिस्ती शहीद स्तेफन याला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी फार शोक केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. भक्तिमान, बरं का.

एक गोष्ट कबूल करायला हवी. हा मजकूर लिहिणाऱ्याच्या पाठीशी एक मोठं नाव आहे. इसवी सन 252 च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये साथीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा तिथला बिशप सिप्रियन म्हणाला होता की गेलेल्यांसाठी शोक करू नये. ते तिकडे शुभ्र वस्त्रं ल्यालेत, आपण इकडे काळी कशाला घालायची? पुढे 258 मध्ये तो स्वतः शहीद झाला, म्हणजे त्याच्यासाठी हे पोकळ बोल नव्हते. रोज प्रेतं उचलणाऱ्यांना धीर देण्यासाठी ते ठीकच. पण त्याचा नियम केला की काय होतं, ते थोर ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने लिहून ठेवलंय.

साल 387, रोमजवळचं ओस्तिया बंदर. ऑगस्टीनची आई मोनिका वारली. त्याने तिचे डोळे मिटले आणि आपले डोळे बळेच कोरडे ठेवले, कारण अशा मरणाला रडणं शोभत नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं. त्याचा पोरगा अदेओदातुस मोठ्याने रडला, तर सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. मित्र एवोदियुसने स्तोत्र धरलं. पुरून आल्यावर दुःख हलकं व्हावं म्हणून ऑगस्टीन हमामखान्यात अंघोळ करून आला. काही उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर, एकटाच असताना, त्याने बांध मोकळा सोडला. मग लिहितो की जिने माझ्यासाठी वर्षानुवर्षं अश्रू ढाळले त्या आईसाठी मी तासाचा थोडका भाग रडलो, त्यात कुणाला पाप दिसत असेल तर त्याने मला हसू नये. हा पुढे बिशप झालेला माणूस. ती 'ताई, रडू नका'वाली मंडळी त्याच्याही घरात होती, एवढाच फरक की त्यातला एक तो स्वतःच होता.

शरीर म्हणजे वस्त्र, ही उपमा आपल्या कानांना इतकी सवयीची आहे की ती कुणाची हे आपण विसरतो. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे ती शोभते. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. पण दर रविवारी उभं राहून आपण जो मतांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणतो त्यात 'देहाचं पुनरुत्थान' आहे. उठलेला येशू आपला शिष्य थोमा याला हातांच्या खुणा दाखवतो, कूस दाखवतो. जखमांसकट उठला. वस्त्रच टाकायचं असतं तर कबर रिकामी कशाला व्हायला हवी होती? म्हणून तर आपण देह पेटीत नीट निजवतो, मूठमूठ माती घालतो, ईस्टरला कबरीवर मेणबत्ती लावतो. त्या बाईंनी लावलेलं ते बटण मला पाळकांच्या अर्ध्या तासाच्या उपदेशापेक्षा ख्रिस्ती वाटलं.

चौथ्या मुद्द्यावर, म्हणजे विश्वास असता तर आजार हटला असता यावर, फार शाई घालवणार नाही, कारण तो नुसता चुकीचा नाही, दुष्ट आहे. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा रस्ता धरला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी पत्रं काढून टाका बायबलातून. केमो घेऊन आलेल्या माणसाच्या उशाशी बसून हे म्हणू नका.

आणि यापो गावची गोष्ट राहिली. तिथली विश्वासणारी बाई दुर्कस वारली तेव्हा प्रेषित पेत्र माडीवर गेला. विधवा रडत त्याच्याभोवती जमल्या आणि दुर्कशीने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे, कपडे एकेक करून दाखवू लागल्या. हा बघा, तिने शिवलाय. पेत्राने त्यांना खोलीबाहेर पाठवलं खरं, पण ते गुडघे टेकून प्रार्थना करायला. साक्ष बिघडते, असं काही तो त्यांना म्हणाला नाही.