फाइल मोठी म्हणून चित्र चांगलं? हँडिकॅमच्या एका फॉरवर्डची उलटतपासणी

नागपुरात बर्डीच्या बाजारात कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाच्या फोनवर हा मेसेज बहुधा आधीच येऊन पडलेला असतो. लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर तर तो दर सीझनला नव्याने उगवतो. मेसेज असा: "हँडिकॅम असो की खिशातला कॅमेरा, डोळे झाकून ४के, ६० फ्रेम आणि सर्वांत वरचा बिटरेट ठेवा. फाइल जितकी मोठी तितकी क्वालिटी. एच.२६५ ला हात लावू नका, तो चित्र दाबतो. कार्डावर १०० लिहिलं असलं की झालं. जुनं शूटिंग जास्त बिटरेटवर कन्व्हर्ट केलं की साफ दिसतं."

यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं फिरतं. एकेक घेऊ, क्रम मात्र आमचा.

"फाइल जितकी मोठी तितकी क्वालिटी"

सगळा घोळ इथून सुरू होतो. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट (सेकंदाला किती बिट लिहिले ते) गुणिले वेळ, बस. बिटरेट १०० मेगाबिट असेल तर आठाने भागा, कारण आठ बिटांचा एक बाइट: सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५०, तासाला ४५ जीबी. या हिशेबात लेन्स नाही, सेन्सर नाही, उजेड नाही. किती बिट खर्च झाले ते आकारावरून कळतं. कशावर झाले ते कळत नाही.

छोट्या कॅमेऱ्यात ते बरेचदा दाण्यांवर, म्हणजे कमी उजेडात चित्रात भुरभुरणाऱ्या ठिपक्यांवर जातात. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा कॅमेऱ्यातला भाग, प्रत्येक फ्रेम पहिल्यापासून लिहीत नाही. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहितो आणि पुढच्यांत फक्त काय बदललं, काय सरकलं तेवढंच टिपतो. आता मंगल कार्यालयातला रात्रीचा हॉल घ्या. स्वस्तातल्या हँडिकॅमचा सेन्सर १/५.८ इंची, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. उजेड पुरत नाही म्हणून कॅमेरा गेन चढवतो, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाढवतो. दर ६ डेसिबलला सिग्नल दुप्पट होतो, पण त्यातले दाणेही तितकेच वाढतात. दाणा पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी नसतो, त्यामुळे एन्कोडरच्या लेखी तो दर वेळी नवाच मजकूर. बिटरेटला वरची हद्द आहे. मग नवरीच्या शालूची जर आणि मागच्या भिंतीवरचे दाणे एकाच पंगतीला बसतात, आणि उपाशी राहते ती जर. फाइल भरगच्च, चित्र चिखल.

इथे बिटरेट वाढवून दाणे जास्त निष्ठेने जपले जातील, इतकंच. आधी झूम सोडा. अशा हँडिकॅमची लेन्स वाइडला एफ १.८ आणि पूर्ण झूमला एफ ४ असते. म्हणजे टोकाला जाईपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश उरतो. स्टेजजवळ जाऊन वाइडला घेतलेला शॉट मागच्या खुर्चीवरून झूम केलेल्या शॉटला सहज हरवतो. मग शटर १/५० सेकंदावर बांधा. एजीसी लिमिट (आपोआप चढणाऱ्या गेनची मर्यादा) असेल तर ते १२ ते १८ डेसिबलवर अडवा. चित्र थोडं काळं चालेल, भुरभुरणारं नको. त्यानंतर छोटा एलईडी पॅनल. बिटरेटचा नंबर एवढं झाल्यावर लागतो.

बिट कमी पडतात तेही खरं आहे, पण कुठे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची काळी-पिवळी मारबत मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. गर्दीतलं प्रत्येक डोकं हलतंय, पताका फडफडताहेत, रंग उधळला जातोय. मागच्या फ्रेममधलं पुढे काहीच कामाला येत नाही. इथे १७ मेगाबिटवर शूट केलं तर गर्दीच्या चौकटी पडतात आणि रंगाच्या ढगात पायऱ्या दिसतात. इथे कॅमेऱ्यात असेल तो सर्वांत वरचा बिटरेट लावा, मेसेजवाल्यांशी आमचं भांडण नाही.

उलट देशपांडे सभागृहातलं दोन तासांचं व्याख्यान. वक्ता, पोडियम, पडदा. हलतो तो एक हात. ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तर १०८० ला, म्हणजे फुल एचडीला, २४ ते २८ मेगाबिट भरपूर होतात. सोनीच्या हँडिकॅममध्ये एव्हीसीएचडी ही रेकॉर्डिंगची पद्धत निवडली की एफएच म्हणजे सुमारे १७, एफएक्स म्हणजे २४ आणि पीएस म्हणजे २८, अशी ही अक्षरं वाचायची. दोन तासांचे २८ ने २५ जीबी होतात, १०० ने ९०. वर बॅकअपची दुसरी प्रत धरा.

"डोळे झाकून ४के"

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीत साधारण २१ लाख. चौपट. पण बिटही चौपट मिळाले का? २५ फ्रेमचं ४के ६० मेगाबिटवर घेतलं तर दर पिक्सेलच्या वाट्याला ०.२९ बिट येतो. जुन्या एव्हीसीएचडीचं ५० फ्रेमचं १०८०, २८ मेगाबिटवर, ०.२७ देतं. जवळपास तेवढंच. आणि २५ फ्रेमचं १०८० ५० मेगाबिटवर घेतलं तर ०.९६.

हे आकडे पुढे करून "४के फसवं आहे" असं म्हणणंही चूक होईल. रिझोल्यूशन वाढलं की शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे होत जातात आणि दर पिक्सेलला कमी बिट पुरतात. शिवाय ४केमध्ये रंगाची माहिती अर्ध्या रुंदी-उंचीने साठवली जाते, म्हणजे नेमकी १९२० गुणिले १०८०. ते चित्र फुल एचडीत उतरवलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. भर उन्हात, १०० मेगाबिटवर, नीट फोकस करून घेतलेलं ४के खाली उतरवून बघा. थेट १०८० पेक्षा ते उजवंच दिसेल. क्रॉप करायला जागा मिळते ती वेगळी. ही मजा उजेडाची आहे. रात्रीच्या हॉलमध्ये तेवढ्याच सेन्सरवरून चौपट पिक्सेल मागितले की चौपट दाणे लिहावे लागतात.

आणि मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांच्या उन्हात ४के ६० लावून खिशातला छोटा कॅमेरा उभा केला, तर तो तापून स्वतःच बंद पडू शकतो. छत्री कॅमेऱ्यावर धरा, स्वतःवर नंतर.

"६० फ्रेमच ठेवा"

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० शटरमध्ये बरोबर दोन ठोके मावतात, १/१०० मध्ये एक. १/६० मध्ये एक पूर्ण आणि दुसऱ्याचा तुकडा, तोही दर फ्रेमला वेगळा. म्हणून चित्र लपलपतं किंवा आडवे पट्टे सरकतात. ही लपलप बिटही खाते, कारण दर फ्रेमचा उजेड बदलला की एन्कोडरला सगळं पुन्हा लिहावं लागतं.

घरात-हॉलमध्ये २५ किंवा ५० फ्रेम, शटर १/५०. ६० हवेच असतील तर शटर १/१००, आणि अर्धा प्रकाश गेला हे मान्य करा. सजावटीच्या काही एलईडी माळा आणि डिमरवरचे दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे शटर थोडं-थोडं हलवून बघण्याशिवाय इलाज नाही. मेनूमध्ये पाल (२५-५० फ्रेमची पद्धत) आणि एनटीएससी (३०-६० ची) बदलताना काही कॅमेरे कार्ड फॉर्मॅट करायला सांगतात. आधी कार्ड रिकामं करून घ्या, भाऊ.

"एच.२६५ चित्र दाबतो"

व्हिडिओ दाबून साठवण्याची ही मानकं, जुनं एच.२६४ आणि नवं एच.२६५. दाबतात दोन्हीही. एच.२६४ हे २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं. नवं मानक बनवलंच गेलं ते तशाच चित्राला सुमारे निम्मे बिट लागावेत म्हणून. तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा काँप्युटरमध्ये असतं. जुन्या मशिनला हे उलगडणं झेपत नाही, टाइमलाइन अडखळते आणि दोष क्वालिटीच्या माथी बसतो. एडिटिंगला ७२० ची हलकी प्रॉक्सी (कामापुरती छोटी प्रत) बनवा, शेवटी मूळ फाइल जोडा. ज्याला पेनड्राइव्ह द्यायचा त्याचा टीव्ही जुना असेल, तर अंतिम प्रत एच.२६४ मध्येच काढा.

"कार्डावर १०० लिहिलं की झालं"

तो आकडा सहसा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नव्हे. आणि मेगाबाइटमध्ये असतो, मेगाबिटमध्ये नव्हे. कामाची खूण दुसरी: क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०. १०० मेगाबिटला १२.५ लागतात, म्हणून क्लास १० तिथे काठावर मार खातं आणि रेकॉर्डिंग ऐन अक्षतांच्या वेळी थांबतं. व्ही३० घ्या. ६४ जीबीत १०० मेगाबिटचं सुमारे ८५ मिनिटं मावतं, २८ चं पाच तास.

३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या फाइल साठवण्याच्या रचनेवर चालतात. तिथे एका फाइलला ४ जीबीची हद्द, म्हणजे १०० मेगाबिटला पावणेसहा मिनिटांनी नवा तुकडा. कॅमेरा तुकडे आपण होऊन पाडतो, गोंधळ कॉपी करताना होतो. सुट्या क्लिप ओढून घेऊ नका, कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं उचला. एव्हीसीएचडीचे तुकडे नुसते एकामागे एक लावले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो. नवं कार्ड आणलं की एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासण्याच्या प्रोग्रामने काठोकाठ भरून तपासा. नकली कार्डं छापलेल्या आकड्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

"जास्त बिटरेटवर कन्व्हर्ट केलं की साफ दिसतं"

नाही. १७ मेगाबिटमध्ये जे गेलं ते गेलं. १०० वर चढवून त्याच चौकटी मोठ्या डब्यात जातात आणि दर नव्या एन्कोडिंगला चित्र किंचित झिजतंच. नुसतं मागचं-पुढचं कापायचं असेल तर लॉसलेसकट या प्रोग्रामने पुन्हा एन्कोड न करता कापा. काप जवळच्या पूर्ण फ्रेमवर सरकतो, सेकंदभर इकडे-तिकडे धरा. अंतिम प्रत हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये काढताना बिटरेट टाइप करत बसण्यापेक्षा एच.२६४ ला आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १८ ते २० ठेवा. व्याख्यानाची फाइल आपोआप लहान होईल, मारबतीची मोठी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर ते पुन्हा दाबून टाकतं.

तुमच्या कॅमेऱ्याला किती बिट पुरतात हे बघायचं असेल तर सकाळी सेमिनरी हिल्सला जा. वाऱ्यावर हलणाऱ्या पानांचा एकच शॉट ट्रायपॉडवरून तीन सेटिंगवर तीस-तीस सेकंद घ्या, फोकस आणि शटर न हलवता. तसाच दुसरा संच रात्री घरात. दोन्ही स्वतःच्या टीव्हीवर, रोज बसता तिथून बघा, फाइलचं नाव झाकून. ज्या दोनांतला फरक ओळखता येत नाही, त्यातली लहान ठेवा.