लेखात पहारवाला गव्हर्नर राहिलाच की!

कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर गव्हर्नर (तिकडे राज्याचा निवडून आलेला प्रमुख) आमदारांनी निवडायचा, ही जुनी अमेरिकी पद्धत, ही प्रतिक्रिया ज्या लेखावर आहे त्याच्या लेखकाला फार शहाणपणाची वाटते. मग अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातली १८९० ची निवडणूक बघा. डेमोक्रॅट मॉरिस मतांत पुढे, पण बहुमतावरून वाद. विधिमंडळाचं एक सभागृह रिपब्लिकनांचं, दुसरं डेमोक्रॅटांचं; निर्णय होणार कसा? झालाच नाही. मग मावळते गव्हर्नर बल्कली, जे उमेदवारसुद्धा नव्हते, ते खुर्चीला चिकटले ते थेट १८९३ पर्यंत! विरोधकांनी कचेरीचं कुलूप बदललं, तर या गृहस्थांनी पहारीनं दार उचकटवलं. पैसे अडले तेव्हा त्यांच्याच एटना विमा कंपनीनं राज्याला उधारी दिली. बहुमताची अट मात्र १९०१ मध्ये गेली.