डोकं नाही दुखत तिचं

सकाळी एका ग्रुपवर पुन्हा तोच विनोद. नवरा जवळ येतो, बायको म्हणते डोकं दुखतंय, आणि खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. हसणाऱ्यांत बायकाही होत्या. दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही राहवत.

तिला खरंच दुखत असेल, हे एकाच्याही मनात येऊ नये? जिथे दुखतं ते तोंडाने सांगता येत नाही, म्हणून बिचाऱ्या डोक्याचं नाव पुढे!

माझी एक मैत्रीण (तिला विचारूनच लिहितेय) बाळंतपणानंतर कित्येक महिने हेच करत होती. कधी डोकं, कधी बाळ उठेल, कधी उद्या लवकर उठायचंय. खरं कारण एकच होतं, संबंधाच्या वेळी आत चिरल्यासारखं दुखायचं. डॉक्टरकडे गेली तर ऐकायला काय मिळालं? "होतं असं, थोडं सहन करा, नवऱ्याला नाराज करू नका." तपासलंसुद्धा नाही. सहन करा म्हणे!

अहो, बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) खाली गेलेलं असतं. योनी कोरडी आणि नाजूक होते. टाके पडले असतील तर ते आणखी वेगळं. आणि एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच धसका घेतं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात, मग अजून दुखतं. ती हे मुद्दाम करत नाही. "जरा रिलॅक्स हो ना" म्हटल्याने ते सुटतही नाहीत. रजोनिवृत्तीनंतर, किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) असताना हेच दुखणं वेगळ्या कारणाने येतं. काहींना तर अगदी पहिल्या वेळेपासून असतं आणि त्यांना वाटतं, सगळ्यांचं असंच असेल.

आता तिचा नवरा. त्याला वाटत होतं, हिला आपण नकोसे झालोय. तो पाठ करून झोपायचा आणि ती त्याच्या पाठीकडे बघत जागी. विचारायची त्याची छाती होत नव्हती, कारण उत्तर काय येईल याचीच भीती. त्याच्यावर मला राग धरता येत नाही. वाईटच वाटतं.

सारखा नकार पचवणं पुरुषालाही जड जातं, बरं, मान्य. आणि स्वतःचं दुखणं सांगण्यात तेही आपल्याइतकेच मुके. ताठरता येईनाशी झाली की बोलणं बंद, नाहीतर चोरून गोळी. सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, १९९८ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासून तिच्यावर विनोद चालू आहेत. पण ती रक्तपुरवठा वाढवते, इच्छा आणत नाही. हृदयासाठी नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते. शिवाय ही तक्रार कधीकधी मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली खूण असते. लपवता कशाला?

आणि काही दुखत नाही, पण इच्छाच होत नाही, असं असेल तर? इच्छा अशी बसल्याजागी उसळलीच पाहिजे, हे कुणी ठरवलं? रोझमेरी बॅसन या डॉक्टरबाईंनी २००० साली मांडलंय की बऱ्याच स्त्रियांमध्ये, विशेषतः जुन्या नात्यात, आधी जवळीक आणि स्पर्श येतो, इच्छा मागून जागी होते. मी हे मैत्रिणीला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. "म्हणजे मी बिघडलेली नाही?"

(याचा अर्थ "सुरू तर करू, मग आवडेलच तिला" असा लावणाऱ्यांनी मला इथेच अनफ्रेंड करावं. नको म्हणजे नको, लग्नानंतरही.)

तिने शेवटी सांगितलं. अंथरुणात नाही, भर दुपारी, बाळ झोपलेलं असताना. तो आधी चिडला, "मग बोलली का नाहीस?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एवढं दुखत असताना तू मला थांबवलंही नाहीस?" पुढे दुसरी डॉक्टर, वंगण, पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे त्याच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. काही काळ संभोग पूर्ण बंद, नुसता स्पर्श, पुढे काही व्हायलाच हवं अशी अट नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिक संशोधकांच्या जोडीने १९७० मध्येच ही पद्धत लिहून ठेवलीय, आपल्यापर्यंत मात्र विनोदच तेवढे पोचले. महिन्यांमागून महिने गेले, जादू वगैरे झाली नाही. पण दुखणं कमी होत गेलं आणि ती थापा मारायची थांबली.

तेव्हा दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. "सहन करा" म्हणाले तर उठा, दुसरीकडे जा. वंगण पाण्याचा बेस असलेलं घ्या, तेल किंवा व्हॅसलीनने लेटेक्सचा कंडोम फाटतो. आणि ती मैत्रीण कोण, हे इनबॉक्समध्ये विचारू नका. सांगणार नाही.