कुठं जातंय बे?

सोलापुरात नवी पिकअप घेतली की शोरूमवाले पेढ्यांचा बॉक्स देतात, हार घालतात, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या चावीसोबत फोटो काढतात. मग गाडी सिद्धेश्वराला जाते, नाहीतर थेट अक्कलकोटला. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडली जातात, बंपरला लिंबू-मिरची लागते. या सगळ्या सोहळ्यात नीट, घट्ट, दोन गाठी मारून बांधलेली वस्तू एकच असते, ती म्हणजे ही लिंबू-मिरची. त्यानंतर गाडीत जे काही चढतं ते बांधलं जाईलच याची खात्री नाही.

कारण माल चढला, फाळका म्हणजे मागचं झडपदार लागलं, की कुणीतरी दोरीचा विषय काढतो आणि दुसरा कुणीतरी तो मिटवतो. मिटवण्याचं वाक्य ठरलेलं आहे: "कुठं जातंय बे?"

प्रश्न चांगला आहे. फक्त विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, तोवर गाडी आसरा चौकात पोचलेली असते. म्हणून मी इथं सवडीनं उत्तर देतो.

सगळ्यात आधी पुढं जातंय. ब्रेक गाडीला असतात, सामानाला नसतात. युरोप-अमेरिकेत माल बांधायचे जे नियम आहेत ते असं धरून चालतात की जोरात ब्रेक दाबला तर मालाच्या वजनाच्या 80 टक्के इतका जोर पुढच्या दिशेला येतो. वळताना बाजूला आणि गाडी झटक्यानं उचलताना मागं, वजनाच्या निम्मा. चौथी दिशा वरची. ती आपल्याकडे गतिरोधकांनी बघितली आहे, आणि गतिरोधकाची उंची प्रत्येक गावानं आपापल्या मतानं ठरवलेली आहे. हौदा खाली जातो, सामान क्षणभर वरच राहतं, आणि हवेतल्या सामानाला घर्षण नसतं. त्या क्षणी ड्रायव्हरचं स्टिअरिंग जरा जरी वळलेलं असेल तरी सामान उतरतं ते वेगळ्या जागी. सात रस्ता चौकाचं तर बोलायलाच नको. तिथं मालाला सातही दिशा मोकळ्या.

यावर हमखास उत्तर येतं, "मालक, लई जड हाय. हलत नाय."

हे मात्र चूक. जड वस्तूला घर्षण जास्त, हे खरं. पण धक्काही त्याच हिशेबानं जास्त. दोन्हीकडे वजनच असल्यामुळे हिशेबातून वजन उडून जातं. उरतं ते एकच, खाली काय आहे. नव्या गाडीच्या हौद्याला गुळगुळीत रंग असतो. त्यावर 100 किलोचं लोखंडी कपाट ठेवलं तर घर्षण 30 किलो धरून ठेवेल असं समजा. हौद्यात माती आणि कांद्याची टरफलं असतील तर तेवढंही नाही. धक्का 80 किलोचा. राहिलेले 50 कोण धरणार? नुसता वरून पट्टा आवळून ते काढायचे म्हटलं तर दाबाचाही 30 टक्केच भाग कामाला येतो, म्हणून कपाटावर 167 किलोचा दाब द्यावा लागतो, म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना 80-85 किलोचा ताण. तेच खाली जाड, खरबरीत रबराची मॅट टाकली की घर्षण साठ टक्क्यांवर जातं आणि वरचा दाब लागतो जेमतेम 33 किलोचा. नवा मालक पहिल्या आठवड्यात हजारो रुपये घालून म्युझिक सिस्टीम बसवतो, मागच्या काचेवर घराण्याचं नाव रंगवतो. मॅटचं नाव काढलं की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो.

हा दाबसुद्धा पट्टा उभा खाली उतरत असेल तरच मिळतो. बुटकी वस्तू रुंद हौद्याच्या मधोमध ठेवली की पट्टा पसरट, 30 अंशांत येतो आणि तेवढ्याच ताणात निम्माच दाब पडतो. दिसायला मात्र घट्ट दिसतो, वाजवला तर टणटण वाजतो, आणि वाजवून बघणाऱ्याचं समाधान होतं. अशा वस्तूवर लाकडाचा ठोकळा ठेवून पट्टा त्यावरून घ्यावा, म्हणजे कोन उभा होतो.

याहून स्वस्त उपाय म्हणजे सामान पुढच्या पत्र्याला भिडवून लावणं. पुढं जायला जागाच ठेवली नाही तर धक्का तो पत्रा घेतो, पट्ट्याला फक्त बाजूचं, मागचं आणि वरचं बघावं लागतं. पण आपल्याकडे माल भरतात फाळक्याकडून, आणि उतरवायला सोपं जावं म्हणून ठेवतातही फाळक्याजवळच. पुढं चार फूट मोकळं मैदान. कपाटाला धाव घ्यायला आणखी काय पाहिजे? शिवाय सगळं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागं गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यात फिरल्यागत फिरतं, आणि रात्री हेडलाइट रस्ता सोडून लिंबाच्या शेंड्यांवर पडतात. जड ते खाली, पुढं आणि मधोमध. मधे फटी राहिल्या तर जुनं टायर, भरलेलं पोतं, काहीही कोंबा. फट म्हणजे हलायला दिलेली परवानगी.

आता बांधायचं कशानं, हा प्रश्न. नवा मालक प्रथम घरातून कपडे वाळत घालायची दोरी आणतो. त्याची सौ. संध्याकाळी ती मागते. मग मोटरसायकलच्या कॅरिअरवरची हुकाची रबरी दोरी येते. ती डबा धरायला ठीक. पण जी ताणते ती अडवत कशी नाही हे सांगावं लागू नये, आणि सुटली तर हूक थेट डोळ्याकडे येतो. नायलॉनची दोरी मजबूत असते, पण ताण आला की लांबते आणि भिजली की आणखी. पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी स्वस्त आणि चकचकीत. सोलापूरच्या उन्हात एक उन्हाळा हौद्यात पडून राहिली की हातात तिचा भुगा येतो. चाळिशीपार पाऱ्यात माणूस सावली शोधतो, दोरीला कोण बघतंय? आणि दोरी कुठलीही असो, तिला गाठ मारली की गाठीच्या जागी ताकद बरीच घटते, काही गाठींत जवळपास निम्म्यावर येते. आपल्याकडे एका दोरीला सात निरगाठी मारतात आणि म्हणतात, "आता तुटायची नाय."

म्हणून रॅचेटचा, म्हणजे मूठ वर-खाली करून आवळायचा पट्टा घ्या. पॉलिएस्टरचा, 35 किंवा 50 मिलिमीटर रुंद, पाच-सहा मीटर लांब, निदान चार नग. त्यावर शिवलेली चिठ्ठी वाचा. दोन आकडे असतात. मोठा आकडा पट्टा तुटायचा, लहान आकडा वापरायचा. दुकानदार मोठाच सांगतो. चिठ्ठीच नसेल तर तो पट्टा गादीला वापरा, मोटरला नको. अमेरिकेतला ठोकताळा असा की सगळ्या पट्ट्यांच्या वापरायच्या आकड्यांची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्मी तरी पाहिजे. मी म्हणेन, आपले रस्ते बघता कंजुषी करू नका.

रॅचेट वापरायला सोपं आहे, म्हणूनच प्रत्येक जण ते पहिल्यांदा उलटं लावतो. पट्ट्याचं मोकळं टोक मधल्या फिरत्या दांडीच्या फटीतून खालून वर घ्यायचं. सगळी ढील आधी हातानं ओढून काढायची. मग मूठ वर-खाली. दांडीवर दोन-तीन वेढे बसले की पुरे. ढील न काढता मूठ हाणत बसलात तर पट्ट्याचा गोळा होऊन यंत्र अडकतं, आणि ते सोडवायला शेवटी सुरी येते. आवळून झालं की मूठ सपाट दाबून बंद करायची. सोडताना खटका ओढून मूठ पूर्ण उलटी, सपाट होईपर्यंत न्यायची. ही शेवटची गोष्ट न समजल्यामुळे मुक्कामावर पोचलेल्या मालाभोवती चार माणसं हतबल उभी असलेली दिसतात. लांब पट्टा वाऱ्यात फडफडून गुणगुणतो, त्याला अर्धा पीळ द्या, गप्प होतो. आणि कपाटाच्या, फरशीच्या, अँगलच्या धारेवरून पट्टा जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा गोणपाटाची घडी घाला. धार पट्टा कापत नाही, प्रवासात हळूहळू करवतते.

अडकवायचं कुठं? हौद्याच्या कडेला बाहेरून खाली जे हूक आहेत त्यांना. फाळक्याला नाही, कारण तो बिजागरीवर आहे. त्याच्या साखळीला नाही, आरशाच्या दांडीला तर अजिबात नाही.

पट्टे नसतील आणि दोरीच असेल तर मार्केट यार्डात उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रकच्या अण्णाकडे दहा मिनिटं बघत उभं राहा. दोरीचं एक टोक एका बाजूच्या हुकाला पक्कं. दोरी मालावरून पलीकडे. छातीच्या उंचीवर दोरीतच एक सरकता फास. मोकळं टोक खालच्या हुकाखालून घेऊन त्या फासातून वर, आणि मग सगळं अंग टाकून खाली ओढायचं. हिशेबानं तिप्पट ओढ मिळते. दोरी दोरीवर घासते म्हणून प्रत्यक्षात कमी, तरी नुसत्या हातापेक्षा किती तरी जास्त. शेवटी फासाच्या मानेशी दोन अर्ध्या गाठी. सोडताना एका झटक्यात सुटते. अण्णा शिकवत नाहीत, पण हाकलतही नाहीत.

मालागणिक खोड्या वेगळ्या. कांद्याची पोती एकावर एक सरळ थप्पी न लावता एक थर आडवा, एक उभा, सांधे मोडत लावावीत आणि वरचा थर आत घ्यावा. तागाचं पोतं तागाला धरून बसतं, प्लॅस्टिकचं घसरतं. कांद्यावर ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट आवळू नका, आत घाम धरतो. डाळिंबाचे क्रेट एकमेकांत बसतात ते एकाच घडणीचे असतील तर. तीन जणांकडून उसने आणलेले तीन प्रकारचे क्रेट एकत्र रचले की वरचे दोन थर नुसते टेकलेले असतात. चादरींचे गठ्ठे मात्र सज्जन दिसतात आणि फसवतात. चाटी गल्लीत आवळलेला पट्टा बाळे गावापर्यंत ढिला झालेला असतो, कारण गठ्ठा हादऱ्यानं दबतो. टॉवेलच्या खोक्यांवर पट्टा थेट आवळला तर कोपरे चेपतात. कडेला लाकडी पट्टी द्या. फ्रिज उभा न्या. मोटरसायकल पुढचं चाक पत्र्याला टेकवून, पहिल्या गियरमध्ये, स्टँड वर घेऊन, हँडलच्या खालच्या भक्कम भागाला दोन्हीकडून पट्टे लावून, पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंत ओढायची. साइड स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी पहिल्या खड्ड्यात स्टँड सोडते, पट्टे ढिले पडतात.

सगळ्यात धोकादायक सामान मात्र हलकं असतं. रिकामी पाण्याची टाकी, गादी, थर्माकोल, पत्रा. ताशी 80 किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 30 किलो पडतो. सहा बाय चारची गादी उभी ठेवली तर तिच्यावर 65 किलोच्या आसपास. गादीचं स्वतःचं वजन वीसही नसतं. वेग निम्मा केला तर दाब चौथ्या हिश्श्यावर येतो, पण रिकाम्या पुणे रस्त्यावर नवी गाडी निम्म्या वेगानं कोण चालवतो? टाकी असेल तर झाकण आधी काढून केबिनमध्ये ठेवा; पहिलं तेच उडतं. गादीवर मात्र आपल्याकडे पट्टा टाकत नाहीत, भाचा बसवतात.

"मामा, मी बसतो की वर."

"बस. हात सोडू नको."

आता हौद्यात न बांधलेल्या वस्तू दोन झाल्या. माल वाहायच्या हौद्यात माणूस नेणं कायद्यात बसत नाही, आणि भाच्यालाही ब्रेक नसतात.

ताडपत्री टाकायची ती मागून पुढं. मागची आधी, पुढची तिच्यावर, म्हणजे वारा सांध्यात शिरत नाही. ताडपत्री मात्र झाकते, धरत नाही. हे दोन निराळे विभाग आहेत. कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर माल बाजूला, पुढं, मागं किंवा वर हद्दीबाहेर गेला तर दंड 20,000 रुपये, वर माल उतरवायचा खर्च आपला. वजन जादा भरलं तरी 20,000, आणि जादा प्रत्येक टनाला 2,000. पिकअपचा हौदा आठ-दहा फुटांचा, पीव्हीसी पाइप वीस फुटांचा. दुकानदार म्हणतो, "मागं लाल फडकं लावा, झालं." फडकं लावल्यानं पाइप आखूड होत नाही. पाइप कापून घ्या, नाहीतर मोठी गाडी बघा.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबायचंच. पुण्याकडे निघालात तर केगावच्या पुढं, हैदराबादकडे बोरामणीच्या अलीकडे, अक्कलकोटकडे कुंभारीला. माल बसलेला असतो, पट्टे ढिले असतात, प्रत्येकाला मुठीचे दोन-दोन दट्टे पुरतात. चहाचं निमित्त चांगलं आहे, फक्त चहा नंतर आणि पट्टे आधी.

उतरवताना फाळक्यासमोर उभं राहून खटका काढू नका. वाटेत सरकलेलं सगळं त्याच्यावर रेलून बसलेलं असतं आणि बाहेर यायला टपलेलं असतं. बाजूला उभं राहा, आधी फटीतून बघा, पट्टे सगळ्यात शेवटी सोडा. मग ते मोजा. चार गेले होते, तीन सापडतात. चौथा हमालाच्या खांद्यावर असतो आणि हमाल गल्लीच्या टोकाला. तो आणा, माती झाडा, रॅचेटच्या दांड्यावर दोन थेंब तेल टाका, गुंडाळून सीटमागं ठेवा. शेजारी मागायला आला तर त्याला दोरी द्या.