टाचा टेकव

आमच्या चिरंजीवांना नोव्हेंबरात पाच वर्षे पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मोठ्या शिशुवर्गातील एका मित्राने डबा खाताखाता असे जाहीर केले, की तो खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जाऊन आला असून तिथे तो एका पाळण्यात बसला तेव्हा त्याचे पोट वरच राहिले आणि तो एकटाच खाली आला. हे वर राहिलेले पोट आमच्या घरात जे शिरले, ते पुढचे दीड महिना बाहेर पडले नाही. वास्तविक हे उद्यान 2013 साली सुरू झाले, पुण्याहून घाट उतरून जेमतेम दोन-अडीच तासांवर आहे, आणि तरीही आम्ही तिकडे कधी फिरकलो नव्हतो, कारण जे जवळ असते तिथे पुणेकर सहसा जात नाही. ‘जाऊ की, कुठे पळून जातंय’ या एका वाक्यावर आमच्या घराण्याने शनिवारवाड्याचा आतला भागसुद्धा अजून पाहिलेला नाही.

सहलीची आखणी बायकोने हाती घेतली. ती हिशेबतपासनीस असल्यामुळे तिने प्रथम नियम वाचले, आणि नियम वाचणारा माणूस घरात असला की सहलीला निघण्यापूर्वीच दमायला होते. तिने सांगितले, की तिथे मुलाचे वय कोणी विचारत नाही, उंची विचारतात. तिकीट उंचीवर, आणि प्रत्येक पाळण्याची किमान उंची वेगळी. ताबडतोब चिरंजीवांना स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे करण्यात आले, त्यांच्या डोक्यावर पंचांग आडवे धरण्यात आले, आणि शिसपेन्सिलीने रेघ ओढून मी टेप लावली. 106 सेंटिमीटर. बायकोने लसीकरणाची फाईल काढून त्यातला वाढीचा तक्ता उघडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलग्याची मधली रेघ 110 सेंटिमीटरवर असते. ते चार सेंटिमीटर ऐकताच आई पोळी लाटायची थांबली.

“आपल्याकडे सगळे उशिरा वाढतात,” ती म्हणाली. “तूसुद्धा दहावीनंतर वाढलास.”

“पण आई, त्याला दहावीनंतर नाही, जानेवारीत न्यायचं आहे,” बायको म्हणाली.

त्या रात्रीपासून चिरंजीवांच्या दुधात एक चमचा जास्तीचे काहीतरी पडू लागले. मला मात्र वेगळाच पेच दिसत होता. तिकीट कमी पडावे म्हणून मुलगा बुटका असलेला बरा आणि पाळण्यात बसता यावे म्हणून तोच मुलगा उंच असलेला बरा, म्हणजे तिकिटाच्या खिडकीपासून पहिल्या पाळण्यापर्यंत चालत जाताना त्याने वाढायला हवे होते.

माझे बालपण या बाबतीत फार सुखाचे गेले. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नसे आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे असे, आजही तसेच आहे. आणि आमच्या बाबांनी मला तिसरीत जाईपर्यंत साडेचार वर्षांचाच ठेवला होता. गाडीत चढण्यापूर्वी मला दोन सूचना मिळत: एक म्हणजे बाबांच्या मांडीवर बसायचे, आणि दुसरी, बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या नाहीत. एकदा वाईच्या अलीकडे मी न राहवून ‘वाहने सावकाश चालवा’ हे स्वच्छ उच्चारांत वाचले, तेव्हा कंडक्टर तिकिटांची पेटी टकटकवीत म्हणाला, “साडेचारला फार हुशार आहे हो पोरगा.” बाबा अजिबात न डगमगता म्हणाले, “आईवर गेलाय.” वयाचे असे असते, की ते सांगण्यावर असते. उंची बिचारी चौकटीला टेकून उभी राहते आणि कोणालाही दिसते.

बाबा आता 71 वर्षांचे आहेत आणि एसटीवरची त्यांची निष्ठा तसूभरही कमी झालेली नाही. सहलीला स्वतःची गाडी काढायची हे ठरलेले असतानाही त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक हिशेब मांडून माझ्यापुढे ठेवला. ते स्वतः 65 ते 75 या गटात, म्हणून अर्धे. बायकांना 2023 पासून निम्मे भाडे, म्हणून सूनबाई अर्ध्या. नातू पाच पूर्ण, म्हणून अर्धा. आई 67 वर्षांची, त्यामुळे ती ज्येष्ठ म्हणूनही अर्धी आणि महिला म्हणूनही अर्धी. दोन अर्धी मिळून एक पूर्ण सवलत का होत नाही, ही बाबांची खंत आहे आणि ती त्यांनी स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर बोलून दाखवली आहे. एकूण पाच माणसे तीन तिकिटांत. “घरात पूर्ण तिकिटाचा माणूस तू एकटाच,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने लोक जास्त वीज खाणाऱ्या जुन्या फ्रिजकडे पाहतात.

मग तारखेचा प्रश्न आला. मे महिन्यात रायगड जिल्ह्यात उन्हात उभे राहण्यापेक्षा घरीच कुकरच्या शिट्टीजवळ बसावे. पावसाळ्यात खोपोलीला पाऊस आडवा, उभा, तिरपा असा सगळीकडून येतो. दिवाळीच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र तिथे असतो, आणि डिसेंबरात शाळांच्या सहली एका रंगाच्या टोप्या घालून उतरतात. बायकोने मागील सप्टेंबरकडे हळहळून पाहत पितृपक्षाचे नाव काढले, कारण त्या पंधरवड्यात गर्दी कमी असेल असा तिचा अंदाज होता, त्यावर आईने, “पक्षात कोणी पाळण्यात बसतं का?” असा प्रश्न विचारला, ज्याला धर्मशास्त्रात नेमके काय उत्तर आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि म्हणून तो निर्णायक ठरला. शेवटी बायकोने जानेवारीतला मंगळवार काढला. शनिवार-रविवार नाही, सोमवारला जोडून आलेली सुट्टी नाही, शाळांच्या सहली ओसरलेल्या. ती विजयी मुद्रेने वहीत तारीख लिहीत असतानाच आईने भिंतीवरच्या कालनिर्णयचे पान उलटले आणि हात जोडले.

“अंगारकी आहे!”

वर्षातून एक-दोनदाच येणारी अंगारकी बरोबर आमच्या गर्दी नसलेल्या मंगळवारी येऊन बसली होती. आता अंगारकीचा आणि रोलर कोस्टरचा संबंध काय, असे परप्रांतीय वाचक विचारील. संबंध असा, की हे उद्यान खोपोली-पाली रस्त्यावर आहे, आणि पाली म्हणजे बल्लाळेश्वर. शिवाय खोपोलीजवळच महड, तिथे वरदविनायक. म्हणजे ज्या रस्त्याने आम्ही पोट वर ठेवून यायला निघालो होतो, त्याच्या दोन्ही टोकांना अष्टविनायकांपैकी एकेक गणपती बसलेला. “एवढं दारावरून जायचं आणि आत डोकवायचं नाही?” असे आई म्हणाली, तेव्हाच मला कळले, की आपली सहल आता आपली राहिलेली नाही. अंगारकीला बल्लाळेश्वराच्या रांगेत उभे राहायचे, तर पाळण्याच्या रांगेत कोण उभे राहणार, या मुद्द्यावर दोन दिवस वाटाघाटी झाल्या आणि बुधवारवर तडजोड झाली. त्या तडजोडीत बाबांनी हळूच उन्हेरे घालून घेतले. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडे आहेत आणि बाबांच्या गुडघ्यांना गरम पाणी मानवते. अशा रीतीने एका मुलाच्या एका पाळण्यासाठी आखलेल्या दिवसात सकाळी एक गणपती, संध्याकाळी एक गणपती, मध्ये गुडघे, आणि उरल्या वेळात मनोरंजन असा कार्यक्रम तयार झाला.

आईने नातवाची मानसिक तयारी म्हणून त्याला बल्लाळाची गोष्ट सांगायला घेतली. गणपतीच्या नादाने गावातली मुले रानात नेणारा लहानगा बल्लाळ, रागावलेले वडील, त्यांनी त्याला झाडाला बांधून घातलेला मार, आणि मग प्रकट झालेला गणपती, जो अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा एकुलता एक. चिरंजीवांनी डोळे मोठे करून सगळे ऐकले आणि विचारले, “आजी, बल्लाळची उंची किती होती?”

खाण्याचा प्रश्न मात्र नियमांच्या पलीकडे गेला. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत, हे बायकोने वाचून दाखवले. आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांची कणीक भिजवायला किती लागेल, याचा अंदाज घेऊ लागली. पाच माणसे प्रवासाला निघाली आहेत आणि जवळ डबा नाही, हे दृश्य तिच्या कल्पनेत बसतच नव्हते. तान्ह्या बाळाचे खाणे चालते, एवढी सवलत बायकोने प्रामाणिकपणे वाचली, आणि तिथेच ती चुकली.

“मग झालं तर! बाळच आहे आपलं,” आई म्हणाली.

“आई, अहो, पाच वर्षांचा आहे तो. आणि तान्हं बाळ चाळीस पुऱ्या खातं का?”

“विचारायला येणाऱ्याला मी सांगेन, अशक्त आहे म्हणून. चार सेंटिमीटर कमी आहे, लिहिलंय की तुझ्या फाईलीत.”

पुऱ्या कुठे ठेवायच्या, याची रंगीत तालीम आदल्या रविवारी झाली. पुऱ्यांची चवड आधी केळीच्या पानात, मग जुन्या पंचाच्या तुकड्यात, मग औषधांच्या पिशवीत बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि बामच्या बाटलीखाली. “औषधांत कोण हात घालतंय!” असा आईचा युक्तिवाद होता. तासाभराने पिशवी उघडली, तेव्हा पुऱ्यांना बामचा वास लागला होता आणि बामच्या बाटलीला ओव्याचा. बोरघाटात चिरंजीवांना हमखास लागते, म्हणून आलेपाक, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या वेगळ्या. शेवटी सगळे डबे गाडीतच ठेवून मधल्या वेळेत बाहेर येऊन खायचे, असे बायकोने ठरवले, आणि आईने ज्या तत्परतेने ते मान्य केले, त्यावरून तिने दुसरी एखादी पिशवी तयार ठेवली असावी, असा मला दाट संशय आहे.

या गदारोळात बाबा उन्हेरे सोडून काही मागत नव्हते, म्हणून मी निश्चिंत होतो. पण एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर ते माझ्या संगणकावर नायट्रो नावाच्या पाळण्याची चित्रफीत पाहत होते. हा तिथला सर्वांत दांडगा रोलर कोस्टर. त्याला पायाखाली तळच नाही, माणसाचे पाय हवेत लोंबकळत राहतात. मला पाहताच बाबांनी खिडकी बदलून पोस्टाच्या व्याजदरांचे पान उघडले. मी हळूच म्हणालो, की रक्तदाब, पाठदुखी, हृदयविकार असणाऱ्यांनी त्यात बसू नये असे लिहिलेले असते. “मी कुठे म्हटलं बसतो म्हणून?” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “बीपी माझं गोळीत आहे.” प्रवेशद्वारावर ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागायची आणि आत गेल्यावर ज्येष्ठत्व नाकारायचे, हा त्यांचा बेत असल्याचे तेव्हा उघड झाले. नातू तिकिटापुरता बुटका, पाळण्यापुरता उंच आणि पुऱ्यांपुरता तान्हा होता. आता आजोबांनाही दोन वये झाली.

विषय बदलावा म्हणून मी त्यांना डिस्नेलँडची हकिकत सांगितली, जी मी धीर यावा म्हणून रात्री जागून वाचली होती. 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात ते सुरू झाले, तेव्हा बनावट तिकिटांनी गर्दी दुप्पट झाली, नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते आणि उन्हाने नवे डांबर इतके मऊ झाले, की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतून बसल्या. बाबांनी ते लक्षपूर्वक ऐकले. “पेशवे पार्कातली आपली छोटी आगगाडी, फुलराणी, 1956 सालची,” ते म्हणाले. “म्हणजे पुणं फक्त एका वर्षानं मागं होतं. आणि फुलराणीत कोणाची टाच रुतल्याचं ऐकिवात नाही.”

हे सगळे वॉल्ट डिस्ने यांना सुचले ते म्हणे लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात. मुली चक्रीत बसल्या होत्या, हे बाकावर बसून शेंगदाणे खात होते, आणि मुलांना आणि आईबापांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, असे त्यांच्या मनात आले. मी या प्रसंगाचा फार विचार केला आहे. मूल लांब, सुरक्षित आणि गोल फिरते आहे, आपण सावलीत बाकावर बसलो आहोत, हातात शेंगदाणे आहेत. बापाच्या आयुष्यात याहून वरची अवस्था नाही. ती हातात असताना या सद्गृहस्थांना बाकावरून उठावेसे का वाटले, हे मला अजून उमगलेले नाही.

मंगळवारी संध्याकाळी सामान दाराशी लागले. आईने चंद्रोदयाची वाट पाहत पुऱ्या तळल्या. चिरंजीवांनी शेवटची मोजणी मागितली. दीड महिन्याच्या दुधानंतर पेन्सिलीची नवी रेघ जुन्या रेघेच्या केसभर वर आली होती, तीही टाचा उचलल्यामुळे, असे बायकोने निदर्शनास आणले. “टाचा टेकव,” ती म्हणाली. चिरंजीवांनी टाचा टेकवल्या आणि रेघेवर रेघ पडली. मी त्यांची समजूत घालू लागलो, की लहान मुलांचेही पाळणे तिथे पुष्कळ असतात. बाबांनी त्यांना सांगितले, की रात्रभर आडवे पडल्यावर पाठीच्या मणक्यांतल्या गाद्या फुगतात आणि माणूस सकाळी थोडा उंच असतो, तेव्हा उद्या उठल्याउठल्या मोजावे.

मग चिरंजीवांना सगळ्यांचीच उंची मोजायची लहर आली. आधी आई, मग मी, आणि शेवटी आजोबा. बाबा चष्मा काढून, छाती पुढे काढून चौकटीला टेकले. त्यांच्या नोकरीच्या सेवापुस्तकात पाच फूट सहा इंच अशी नोंद आहे आणि ती ते आधार कार्डाच्या क्रमांकासारखी सांगतात. नातू स्टुलावर चढला, त्याने पंचांग आडवे धरले, खाली वाकून नीट पाहिले आणि आपल्या आईची हुबेहूब नक्कल करीत म्हणाला, “आजोबा, टाचा टेकव.”

बाबांनी टाचा टेकवल्या. पाच फूट साडेचार.

“संध्याकाळ आहे,” बाबा म्हणाले, “सकाळी मोजू.”