सही करा, मोकळे व्हा

अभिनंदन! वॉर्डात नर्सिंग कॉलेजची नवी बॅच आली आहे आणि त्यातली एक विद्यार्थिनी, मार्गदर्शक नर्स म्हणून, तुमच्या नावावर टाकली आहे. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, तिलाही नव्हतं. निदान इथवर तरी दोघांवर सारखाच अन्याय आहे.

तिचं नाव विचारण्यात वेळ घालवू नका. 'ए स्टुडंट' अशी हाक मारली की चौघी धावत येतात. तिला या पोस्टिंगमध्ये काय शिकायचंय, आधी काय केलंय, कशाची भीती वाटते, हे पहिल्याच दिवशी बसून बोलावं म्हणतात. म्हणणाऱ्यांना रात्रपाळीकडून सकाळची हँडओव्हर घ्यायची नसते. विद्यार्थिनीला मनुष्यबळात धरू नये, असंही तत्त्व आहे. ते मान्य करावं आणि तिला बेड लावायला पाठवावं. मग सॅम्पल घेऊन लॅबला, तिथून फार्मसीला, तिथून एक्स-रेला. पोस्टिंग संपेपर्यंत जखमेचं ड्रेसिंग नाही आलं तरी चालेल, लिफ्ट कधी बंद असते ते तिला नक्की कळतं.

प्रश्न विचारायचे ते राऊंडच्या वेळी, रुग्णासमोर आणि जमल्यास त्याच्या नातेवाइकांसमोर. चुकलं तर तिथेच झाडा. बाजूला नेऊन समजावलं तर बाकीच्यांना तुमचं ज्ञान कसं दिसणार? कॅथेटर घालताना तिचा हात जरा अडखळला की 'राहू दे, आण इकडे' म्हणून सामान काढून घ्या. पुढच्या वेळीही हात अडखळेलच, तेव्हाही हेच करा. शेवटी शेऱ्यात 'आत्मविश्वास कमी' असं लिहायला तुम्ही मोकळे.

एक जागा मात्र जपून. तिच्या चार्टवर वॉर्डातल्या सगळ्यांचे श्वास मिनिटाला 20 दिसतील. दमेकरी 20, कालच ऑपरेशन झालेला 20, गाढ झोपलेलाही 20. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत, रुग्ण बिघडायला लागला की बऱ्याचदा हाच आकडा आधी हलतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण ते तिला सांगितलंत, तर ती कालचा तुमचा चार्ट उघडेल. त्यावरही 20 च आहेत. विषय न काढलेला बरा.

आता मूल्यमापन. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात खरोखर करते. चौथी पायरी गाठायची तर तिच्यामागे उभं राहून बघावं लागतं, म्हणून आपण पहिलीवरच बसावं. 'येतं ना?' 'हो.' झालं मूल्यमापन. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये एकाच परीक्षकाच्या मतावर विसंबायला नको म्हणून वेगवेगळी स्टेशनं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक वेगळं काम, आणि ठरावीक निकष असलेली परीक्षा मांडली. तुम्हाला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. युनिफॉर्म कडक आहे, केस जाळीत आहेत, 'गुड मॉर्निंग' वेळेवर येतं. म्हणजे तिला निर्जंतुक पद्धतीने ड्रेसिंगही येतच असणार.

खरी कसोटी लागते ती कच्च्या विद्यार्थिनीशी गाठ पडली की. समजा, 10 युनिट इन्सुलिन द्यायचं होतं आणि तिने साध्या सिरिंजमध्ये 1 मिली भरलं. वायल एका मिलीत 100 युनिटची, म्हणजे दसपट डोस. तुम्ही हात धरलात, रुग्ण वाचला. आता हे लिहून ठेवू नका. कॉलेजच्या ट्युटरला फोन करू नका. मधल्या आढाव्याची बैठक पुढे ढकला, मग आणखी पुढे, म्हणजे ती शेवटच्या दिवसावर येऊन पडते. त्या दिवशी ती रडेल आणि तुमच्याकडे नापास करायला कागदावर एक ओळही नसेल. 'बिचारीचं वर्ष वाया जाईल', 'पुढच्या वॉर्डात सुधारेल'. पुढच्या वॉर्डातही कोणीतरी हेच म्हणणार, काळजी नसावी. नर्सिंगच्या अभ्यासक कॅथलीन डफी यांनी 2003 मध्ये स्कॉटलंडमध्ये अभ्यास केला, तर तिथेही शंका असूनही विद्यार्थी असेच पुढे सरकवले जात होते आणि कारणंही हीच: उशीर, नोंदींचा अभाव आणि नापास करण्याचा जीवावर येणारा भाग. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

शेऱ्याच्या चौकटीत सर्वांना 'गुड' लिहा. जिने रात्री जागून रुग्णाच्या पाठीवरचा लाल डाग बेडसोअर व्हायच्या आत पाहिला, तिलाही तेच. भेदभाव नको.

लॉगबुकात, म्हणजे तिच्या कामांच्या नोंदवहीत, तुमच्या 40 सह्या राहिल्या असतील तर एकाच पेनाने करू नका, निळं-काळं आलटूनपालटून वापरा. तारखाही जरा विखुरलेल्या. आणि मार्गदर्शक कसे वाटले हा तुमच्याविषयीचा फॉर्म तिच्याकडून आधी भरून घ्या. तो हातात पडला की मगच शेवटची सही करा. क्रम उलटला, तर ती खरं लिहील.